अनेक वर्षे बंद असलेल्या कारची पेट्रोल टाकी आतून गंजली आहे. घरी साफ करता येईल का?

येईल, पण टाकी गाडीवरून उतरवूनच. आधी बॅटरीची वायर काढा आणि जुनं पेट्रोल मोकळ्या हवेत काढून घ्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ साठलेली असते. म्हणून वेल्डिंग, ग्राइंडर, विडी, काहीही जवळ नको.

फ्लोट युनिट (पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) काढून साबणाच्या गरम पाण्याने चिकट थर धुवा. मग मूठभर नट-बोल्ट किंवा साखळीचा तुकडा आत टाकून टाकी हलवा (टाकलेले मोजून ठेवा, एखादा हमखास आतच राहतो!). उरलेल्या गंजासाठी लिटरभर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून टाकी काठोकाठ भरा, एक-दोन दिवस ठेवा. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाटेला जाऊ नका, ते चांगला पत्राही खातं.

खरी गडबड होते ती यानंतर. ओला उघडा पत्रा काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो. त्यामुळे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरड्या हवेने वाळवा, आत थोडं तेल फिरवा. पत्र्याला बारीक भोकं असतील तरच सीलर (आतून लावायचा लेप) वापरा. नीट न बसलेला सीलर पुढे सालपटं होऊन पेट्रोलची लाइन तुंबवतो. फ्युएल फिल्टर मात्र नवाच लावा.