ब्रेसचे ग्रेन ‘उभे’ म्हणजे नेमके कसे?

प्रश्न असा आहे: गिटारच्या वरच्या फळीला आतून ज्या पट्ट्या चिकटवतात, त्या ब्रेसबद्दल ‘ग्रेन उभे ठेवा’ असं लिहिलेलं असतं. इथे ‘ग्रेन’ला मराठीत काय म्हणावं आणि ‘उभे’ म्हणजे पट्टीच्या लांबीने की उंचीने?

घोटाळा ‘ग्रेन’इतकाच आपल्या ‘उभ्या’चाही आहे. कापडातला उभा धागा ताग्याच्या लांबीने जातो, पण उभा खांब जमिनीशी काटकोन करतो. ब्रेसच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींना. म्हणून मी ‘ग्रेन’ला एकच प्रतिशब्द शोधत बसणार नाही.

एक असतात तंतू. ते पट्टीच्या लांबीनेच जायला हवेत, कारण लाकडाचा ताठपणा तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. गिटारमध्ये वापरतात त्या स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या लाकडात तर दहापटीहून अधिक. दुसऱ्या असतात वाढीच्या वलयांच्या रेघा. पट्टी टोकाकडून पाहिली की त्या दिसतात, आणि त्या चिकटणाऱ्या बाजूशी काटकोनात असाव्यात, असा ‘उभे ग्रेन’चा रूढ अर्थ आहे. तशा ठेवल्या की दमटपणा बदलल्यावर पट्टीची रुंदी कमी हलते, कारण लाकूड वलयांना काटकोनात जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या दिशेने आकसतं.

‘शिरा’ हा शब्द छान आहे, बोलण्यातलाही आहे, पण तो या दोन्हींसाठी वापरला जातो, म्हणून इथे नको. रेघा सरळ दिसत असूनही आतले तंतू तिरपे जाऊन पट्टीच्या बाजूने बाहेर पडलेले असू शकतात. अशी पट्टी तिथेच फाटते. म्हणून तर चांगले कारागीर ब्रेसचं लाकूड आधी फोडून घेतात. करवत तंतूंना जुमानत नाही, फोडलेलं लाकूड मात्र त्यांच्याच वाटेने दुभंगतं.

खरं तर वलयं उभी की आडवी, याने लांबीतल्या ताठपणात फारसा फरक पडत नाही. पट्टीची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, त्यापुढे ही बाब किरकोळच. तंतूंबाबत मात्र तडजोड नाही.

तेव्हा वाक्य असं लिहा: ‘तंतू पट्टीच्या लांबीने असावेत आणि टोकाला दिसणाऱ्या वलयरेघा फळीशी काटकोनात.’ फळीसाठी सतार-तंबोऱ्याकडचा ‘तबली’ हा शब्द वापरलात तर मला जास्तच आवडेल.