पदर, ओढणी आणि तुझा प्रश्न

प्रिय मरीना,

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येताना तू गाडीत विचारलेस, की इथल्या पॅरिशमधल्या त्या कॉलेजच्या मुली हौसेने डोक्यावर लेसची ओढणी घेतात, आजीही चर्चमध्ये पदर घ्यायची, मग मधल्या मधे मीच का घेत नाही, आणि मी काही बोलायच्या आत पुढचे विचारलेस, "आजीला कोणी घ्यायला लावायचे का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथेच देऊ शकले असते. दुसरा मात्र मला लागला. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, अंगाखांद्यावर वाढलेल्या मला तो कधीच पडला नव्हता, आणि तिला जेमतेम दोन सुट्ट्यांत पाहिलेल्या तुला पडला.

नियमाचे थोडक्यात सांगते, कारण ते तुला फोनवरही वाचता येईल. कॅथलिक धर्मसभेच्या १९१७ च्या कायद्यात असे कलम होते, की पुरुषांनी चर्चमध्ये उघड्या डोक्याने आणि स्त्रियांनी डोके झाकून बसावे, विशेषतः कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायला, जाताना. १९७६ सालच्या रोमच्या एका दस्तऐवजाने, जो मुळात स्त्रियांना गुरुदीक्षा देऊन धर्मगुरू करता येईल का या वेगळ्याच विषयावर होता, ही रीत आता बंधनकारक राहिलेली नाही असे जाता जाता म्हटले, आणि १९८३ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यात ते कलमच नाही. म्हणजे मनाई नाही आणि सक्तीही नाही.

वसईतल्या आपल्या आळीत मात्र या कलमाचे येणे किंवा जाणे कोणाच्या ध्यानात आले असेल असे मला वाटत नाही. आजी घराच्या उंबऱ्यावरच लाल लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि तसाच तो बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, कडेने, केळीच्या बागेतून, चर्चच्या दारातून आत जायचा. सासरे ओटीवर बसलेले असले की तो घरातही डोक्यावर असे, आणि कुंपणापलीकडच्या हिंदू घरातल्या काकूही त्यांच्या सासऱ्यांसमोर अगदी तसाच पदर घेत. चर्चमध्ये देवासाठी म्हणून आजीने काही वेगळे केलेले मला आठवत नाही. वडीलधाऱ्यांसमोर जे करायचे तेच ती तिथे करी. गंमत अशी, की दारात काही वेगळे करावे लागे ते आजोबांना. चारचौघांत, लग्नकार्यात, शाळेच्या मास्तरांसमोर डोक्यावर टोपी असणे हीच त्यांच्या पिढीची अदब होती, पण चर्चच्या पायरीवर ते टोपी काढून बंडीच्या खिशात कोंबत आणि बाहेर आले की आधी ती घालत. बायकांसाठीचा नियम आमच्याकडे आयताच मुरलेला होता. पुरुषांसाठीचा मात्र शेवटपर्यंत परका वाटे. आज याविषयी कोणी बोलले की बायकांचेच डोके पुढे येते, आजोबांची टोपी कोणाला आठवत नाही.

माझे स्वतःचे आठवते ते इतके प्रसन्न नाही. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढरा फ्रॉक, डोक्यावर नायलॉनचा झिरझिरीत व्हेल आणि त्यावर कापडी फुलांचा मुकुट हे सगळे मला फार आवडले होते, पण त्यानंतरच्या साध्या रविवारी स्कार्फ घरी राहिला, की आजी आपल्या रुमालातली भाजीच्या पैशांची गाठ सोडून तो रुमाल माझ्या डोक्यावर टाकी, आणि मेथीचा वास येणाऱ्या त्या रुमालाखाली मी अर्धा तास मान न हलवता बसे. पलीकडे पुरुषांच्या बाजूला डॅनीमामा नव्याने पाडलेला भांग मिरवत असायचा. तेव्हा मला राग यायचा आणि तो राग चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. पुढे वांद्र्याला कॉलेजला जाऊ लागले, सलवार-कमीज घालू लागले, आणि ओढणी खांद्यावर आली ती खांद्यावरच राहिली. त्यासाठी मी काही बंड केले नाही. आजीच्या ते लक्षात आले असणार, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नसे, पण ती बोलली नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तिला कोणी "पदर घे" म्हणाल्याचे मी कधी ऐकले नाही. पण ती उघड्या डोक्याने गेली असती, तर दुपारपर्यंत दोन गावांत चर्चा झाली असती हेही तितकेच खरे आहे. जी गोष्ट न करण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नाही, तिला सक्ती म्हणायचे की आपखुशी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. शिवाय त्या पदराचा तिला एक उपयोगही होता. पहाटे उठून गोठा, फुलांची तोडणी, चार पोरे आणि खाष्ट सासू एवढे सगळे उरकून आलेली ती बाई प्रवचन सुरू झाले की पदर थोडा पुढे ओढायची. किती भक्तिभावाने ऐकते आहे असे मला वाटायचे. एकदा वाकून पाहिले तर ती गाढ झोपली होती. तिला आठवड्यात तेवढीच जागा होती, जिथे कोणी हाक मारत नसे.

त्या मुलींविषयी माझ्या मनात काही किंतु नाही. कोणी न सांगता त्या हे करतात. मला थोडेसे खटकते ते लेसचे. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत राहिले, त्यांच्या काळात आपल्याकडे धर्म आला, आडनावे आली, तरी आपल्या शेतकरी बायकांच्या डोक्यावर पदरच राहिला. आणि आता तू कॅनडात बसून अविवाहितेने पांढरी आणि विवाहितेने काळी अशी स्पेनकडची रीत मला समजावून सांगतेस. (तो नियम नाही, केवळ रूढी आहे, आणि काळी ओढणी मी घेणार नाही.) माझ्या कपाटात आजीची एक सुती ओढणी आहे, असे लिहावेसे वाटले होते, पण मग ती घे असे सांगितल्यासारखे होईल, आणि माझ्या डोक्यावर न कळत्या वयात रुमाल पडला तसा तुझ्यावर पडू नये असे मला फार वाटते. म्हणून एवढेच, की ती खालच्या कप्प्यात आहे. लेसची मागवायची असेल तर तीही मागव, आणि हा विचार महिन्याभरात विसरलीस तरी मला त्याचा खुलासा देत बसू नकोस.

आजीला आता विचारता येणार नाही, पण तिची धाकटी बहीण, सांडोरची मावशीआजी, अजून रोज मिस्साला जाते. शनिवारी आपण फोन करतो तेव्हा तूच तिला विचार. मराठीत विचार, इंग्रजीत विचारलेस तर ती नुसती हसून "जेवलीस का" म्हणेल. आणि ती माझ्याविरुद्ध काही बोलली, तर तेही मला सांग.

तुझी,
आई