चार टक्क्यांचा फरक आणि पॅनेलचं उघडं दार

मार्च लागला की एसएमपीएसचेच, म्हणजे मेन्सच्या एसीचा मशीनला लागणारा डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायचेच प्रश्न येतात, आणि दरवर्षी तेच. यंदाचे हे पाच.

उद्यमबाग, बेळगाव: 24 व्होल्ट, 10 अँपिअरचा एसएमपीएस घ्यायचाय. एक 90 टक्के कार्यक्षमतेचा, एक 94. चार टक्क्यांसाठी जादा पैसे का घालायचे?

टक्के सोडा, उष्णता बघा. पूर्ण लोडला दोन्ही 240 वॅट देतात. त्यासाठी पहिला 267 वॅट ओढतो, दुसरा 255. म्हणजे पॅनेलमध्ये, मशीनच्या विजेच्या पेटीत, 27 वॅटची शेगडी ठेवायची की 15 ची, एवढाच सवाल. बिलात रोज 16 तास, 300 दिवस धरूनही वर्षाला जेमतेम 55 युनिट वाचतील. मार खातात ते सप्लायच्या आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

एका कारखान्यात मे महिन्यात मशीन रोज दुपारी तीनच्या सुमारास रिसेट व्हायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) कार्ड बदललं, महिना गेला. मी गेलो तेव्हा पॅनेलचं दार सताड उघडं, समोर टेबल फॅन! शेजारच्या फाउंड्रीची काळी भुकटी एसएमपीएसच्या जाळीवर काजळीसारखी बसलेली, आणि आत कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. दार बंद ठेवा, फिल्टर धुवा, सप्लायच्या वर-खाली कंपनीने सांगितलेली जागा मोकळी सोडा. पण सप्लाय स्वतः खोलू नका. बंद केल्यावरही आत 300 व्होल्टच्या वर डीसी काही वेळ राहतो. जाणकाराला बोलवा, आणि मे उजाडायच्या आत.

निपाणी: लागतात 2 अँपिअर, 10 चा सप्लाय लावला तर वीज वाया जाईल?

थोडी. काळजी करण्याइतकी नाही.

खानापूर: प्लगला लावायची वीज बचतीची डबी घेऊ का?

नको. घरचा मीटर युनिट मोजतो, डबीतल्या कपॅसिटरने ती कमी होत नाहीत.

होनगा: पॉवर फॅक्टर 0.6 म्हणजे 40 टक्के वीज वाया ना?

नाही हो. ती कार्यक्षमता नव्हे. तेवढ्याच कामाला करंट जास्त ओढला जातो, म्हणून केबल तापते. मात्र साध्या एसएमपीएसचा करंट मुळात वेडावाकडा असतो, त्यावर पॉवर फॅक्टर सुधारायला नुसती कपॅसिटर बँक ठोकून भागत नाही. उलट हार्मोनिक्स, म्हणजे करंटमधल्या जादा लहरी, वाढू शकतात. विकणारा काहीही सांगेल. आधी मोजणी करून घ्या, मग हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल घेऊन सल्लागाराकडे जा.

मच्छे: 20 मीटरवरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारे-मिटणारे) ओढत नव्हते. वायरमनने सप्लायचा स्क्रू फिरवून 28 व्होल्ट केले, चालू झाले. चालेल?

चालणार नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन 40 मीटर. 5 अँपिअरला 2.4 व्होल्ट तारेतच गेले. आता पॅनेलजवळच्या सेन्सरना 28 व्होल्ट बसतायत. चार चौरसची तार ओढा, घट एक व्होल्टच्या आत येईल. आणि स्क्रू आजच मीटर लावून 24 वर आणायला सांगा.