सीमेवर भिंत बांधली तर घुसखोरी खरंच थांबते का?

तुमचा प्रश्न असा आहे की बांगलादेश सीमेवर सरकार सलग भिंत का घालत नाही, घातली तर घुसखोरी थांबेल ना, आणि तिथले जवान झोपा काढतात का. शेवटचं वाक्य लागलं म्हणून लिहितोय. मी सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालो, नोकरीचा मोठा काळ उत्तर बंगालात काढला.

तारबंदी आहे. 4,096 किलोमीटरच्या सीमेपैकी 3,200 च्या आसपास झाली आहे. उरलेल्यात नद्या, दलदल, दरवर्षी जागा बदलणारी वाळूची बेटं आणि संपादन रखडलेल्या जमिनी. जी झाली तीही शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही. 1975 च्या करारानुसार रेषेपासून 150 यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करता येत नाही, म्हणून तार आपल्याच हद्दीत मागे सरकते. पुढे उरतात आपलीच शेतं आणि काही ठिकाणी आपलीच घरं. या लोकांनी ओळखपत्र गेटवर जमा करायचं, रजिस्टरात नाव लिहायचं, शेतात जायचं आणि गेट बंद व्हायच्या आत परतायचं. तारेलगत ताग, मका लावू नका असंही आम्हीच त्यांना सांगायचो, कारण उंच पिकात माणूस दिसत नाही.

कूचबिहार जिल्ह्यातल्या एका गेटवर माझी रात्रीची ड्यूटी होती. थंडीचे दिवस, धुकं इतकं की फ्लडलाइटखालचा रस्तासुद्धा पिवळट धुरासारखा दिसायचा. तारेपलीकडच्या आपल्याच वस्तीतून हाका आल्या. चार माणसांनी बाजेवर एक गरोदर बाई आणली होती, कळा सुरू झालेल्या. रात्री गेट उघडायला वरची परवानगी लागते, झडतीला महिला कॉन्स्टेबल लागते. निरोप गेला, कॉन्स्टेबल पोस्टवरून निघाली. तोवर त्या बाईची सासू गेटचे गज धरून माझ्याशी बंगालीत बोलत राहिली. शब्द सगळे कळत नव्हते, पण कळायचं राहिलं नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासाने कुलूप उघडलं. बाज आमच्याच गाडीत चढवली आणि दिनहाट्याच्या दवाखान्यात पोचवली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्या रात्री पोस्टवर कोणी झोपलं नव्हतं, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो.

त्याच रात्री नदीच्या अंगाला, जिथे तार नाही, तिथे आमची दुसरी पार्टी तस्करांच्या मागे पाण्याच्या कडेने पळत होती. गुरं तरंगावीत म्हणून त्यांना केळीचे खुंट बांधून प्रवाहात सोडलं होतं. म्हणजे तारेने अडवलं कोणाला, तर मतदान कार्ड असलेल्या आपल्या बाईला. तस्कराला तारेची जागा माहीत असते, तो तिथे येतच नाही. आलाच तर कटर घेऊन येतो किंवा फेन्सिडिलच्या, म्हणजे नशेसाठी पितात त्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचं गाठोडं वरून फेकतो. आसामात धुब्रीकडे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात 2019 पासून कॅमेरे आणि सेन्सर बसवलेत, त्याचा उपयोग आहे. पण इशारा वाजल्यावर बोट काढून जायला माणूसच लागतो.

आता स्थलांतराचं. माझे दाजी पुण्याकडे बांधकामाची कंत्राटं घेतात. गावच्या यात्रेला भेटले की ठरलेलं वाक्य, "तुम्ही तिकडं सोडता, म्हणून ते इकडं येतात." मी त्यांना दरवेळी हेच विचारतो की तुमच्या साइटवर मुकादम माणसं आणतो तेव्हा कागद कोण बघतं? कमी मजुरीत माणूस मिळाला की कोणी बघत नाही. मजुरीची ही मागणी आहे तोवर दलाल वाट काढणारच. तार उंच झाली की त्याचा दर वाढतो, बाकी काही होत नाही. अमेरिकेने 1994 पासून सॅन डिएगोजवळची सीमा आवळली, तेव्हा लोक ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले आणि तिथे मरू लागले. हंगामाला येऊन घरी परतणारे मेक्सिकन मजूर पुन्हा येणं अवघड झालं म्हणून तिथेच राहिले, बायकापोरांना बोलावून घेतलं. अडवायला गेले आणि लोक कायमचे वसले. दाजींना हे पटत नाही, पण त्यांनी मला उत्तरही दिलेलं नाही.

तारबंदी काढा असं मी म्हणत नाही, उगाच तसा अर्थ काढू नका. पंजाबात 1988 नंतर कुंपण झालं आणि हत्यारबंद टोळ्यांची ये-जा खरंच अवघड झाली. नियंत्रण रेषेवरही फायदा झाला, जरी बर्फ दरवर्षी ती तार मोडतो आणि लष्कराला ती पुन्हा उभी करावी लागते. बंदूक घेऊन येणारे थोडे असतात, त्यांना अडवायला तार आणि पहारा पुरतो. पोटासाठी येणाऱ्या हजारोंचं गणित वेगळं. त्यांना कामावर ठेवणाऱ्याला दंड लावा, आणि हंगामी कामाचा परवाना देता येतो का तेही बघा. राहिलेली तार जरूर पुरी करा, फक्त ज्यांची जमीन घेताय त्यांचे पैसे आधी चुकते करा आणि गेटवर एक महिला कॉन्स्टेबल चोवीस तास ठेवा.