केमोथेरपी चालू असताना ताप आला, तर घरातले अँटिबायोटिक चालते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अँटिबायोटिक नेमके जंतूंनाच मारते, मग केमोथेरपीच्या औषधाला कॅन्सरची पेशी वेगळी का काढता येत नाही. आणि वडिलांची केमो चालू असताना ताप आला तर घरात उरलेले अझिथ्रोमायसिन द्यावे का. दुसऱ्याचे उत्तर आधी देते: देऊ नये. नाशिकला सातपूरमध्ये माझे औषधांचे दुकान आहे आणि हाच वाद माझ्या स्वतःच्या घरात झालेला आहे.

जंतूची घडणच आपल्याहून निराळी असते. पेनिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेचे बांधकाम अडवते आणि आपल्या पेशींना ती भित्तिका मुळातच नसते. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच पेशींतून बिघडून निघालेली असल्यामुळे जुनी केमो-औषधे तिच्या भराभर होणाऱ्या विभाजनावर घाव घालतात, आणि तसेच भराभर विभाजन केसांच्या मुळांत, आतड्याच्या अस्तरात व रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतही चालू असते. ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक आणि मेथोट्रेक्सेट हे केमो-औषध, दोन्ही डीएनए घडवण्यासाठी लागणारे फोलेट हे जीवनसत्त्व वापरण्याजोगे ठेवणारे एकच विकर (एन्झाइम) रोखतात. पण ट्रायमेथोप्रिम जंतूंच्या विकराला आपल्यापेक्षा हजारो पटींनी घट्ट धरते, मेथोट्रेक्सेट तसा भेद करत नाही. दोन्ही एकत्र पोटात गेली तर अस्थिमज्जा धोकादायकरीत्या दबू शकते, म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणारा संधिवाताचा रुग्ण ट्रायमेथोप्रिम असलेल्या को-ट्रायमोक्साझोलची चिठ्ठी घेऊन आला की मी आधी डॉक्टरांना फोन लावते. 2001 मध्ये आलेल्या इमॅटिनिबसारखी, कॅन्सरपेशीतल्या विशिष्ट प्रथिनावर नेम धरणारी औषधेही आता आहेत, पण ती प्रत्येक कॅन्सरला लागू पडत नाहीत.

माझ्या सासूबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड दर 21 दिवसांनी दिले जात होते. डॉक्सोरुबिसिन म्हणजे सलाइनमधून जाणारे ते लालभडक औषध. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ज्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जंतूंपासून मिळाले, त्याच कुळातून हेही आले. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि नेमक्या त्याच काळात एका रात्री त्यांचा ताप 101 फॅरनहाइटवर गेला. माझे मोठे दीर म्हणाले, "अझिथ्रोची स्ट्रिप कपाटात आहे, सोबत एक क्रोसिन द्या, सकाळी बघू, आई व्यवस्थित बोलते आहे." मी ठाम नकार दिला, यांना गाडी काढायला लावली आणि आम्ही त्र्यंबक रस्त्याने शहरातल्या रुग्णालयात गेलो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली आलेल्या होत्या. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कोणते जंतू वाढतात ते पाहण्यासाठी, रक्त घेऊन, त्याच्या अहवालाची वाट न पाहता तासाभराच्या आत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक शिरेतून सुरू झाले आणि सासूबाई त्यातून बऱ्या झाल्या. भाऊजी मात्र अजूनही घरात चार माणसे जमली की सांगतात, तो ताप गोळीनेही उतरला असता, उगाच एवढा खर्च झाला.

नसता उतरला, असे मी म्हणत नाही. कदाचित आकडा उतरला असताही, आणि धोका तोच होता. अझिथ्रोमायसिन बहुतेक जंतूंची फक्त वाढ थांबवते, त्यांचा निकाल पांढऱ्या पेशी लावतात, आणि त्या रात्री त्याच शिल्लक नव्हत्या. अशा रुग्णांना घेरणाऱ्या सुडोमोनाससारख्या जंतूंवर तर या गोळीचा भरवसाच धरता येत नाही. क्रोसिनने थर्मामीटरचा आकडा खाली येतो, संसर्ग जागेवर राहतो. शिवाय पू आणि सूज पांढऱ्या पेशींमुळेच दिसते. त्या नसताना ताप हेच अनेकदा एकमेव लक्षण असते, त्यामुळे "आई व्यवस्थित बोलते आहे" याला काहीही अर्थ नव्हता.

वडिलांच्या बाबतीत 100.4 च्या वर ताप गेला की रात्र असो वा पहाट, त्यांच्या कॅन्सर विभागाच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा आणि शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली ते आधी सांगा.

एक गोष्ट जोडायला हवी. धोका कमी असलेल्या काही रुग्णांना तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक देऊन घरीही पाठवतात, पण ते रक्ताचा अहवाल पाहून आणि रुग्णाला तपासून कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. भाऊजींनी गोळी सुचवली तेव्हा रक्त तपासायला गेलेलेही नव्हते.