बार्बेक्यूवाल्याच्या रील्स, मुलीचं टेनिस आणि भाच्याचा व्हिसा

तुमच्या प्रश्नात दोन मुलं आहेत आणि दोघांची उत्तरं अगदी वेगळी आहेत. मुलगी नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीला आहे, टेनिस चांगलं खेळते, पुढे कॉलेजसाठी खेळायचं म्हणते. भाचा पुण्याहून टेनिसच्या स्कॉलरशिपवर, एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, इथल्या विद्यापीठात आलाय. घराजवळच्या बार्बेक्यूवाल्याने दोघांना मिळून रील्स करायला सांगितलंय, बदल्यात थोडे पैसे आणि वर्षभर फुकट जेवण. यात मुलीची एलिजिबिलिटी, म्हणजे शाळा-कॉलेजसाठी खेळण्याची पात्रता, जाईल का, ही तुमची काळजी.

मुलीची जाणार नाही, पण तिचा जन्म इथला नसेल तर खाली एच-४ बद्दल लिहिलंय ते आधी वाचा. भाच्याला मात्र यात घेऊ नका.

तुमच्या मनात आहे ती भीती जुन्या नियमांची आहे, आणि त्या काळी ती रास्तच होती. खेळाडू आहे म्हणून कुणी फुकट ताट वाढलं, तरी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, लेखी तो गुन्हा होता. कॉलेजने खेळाडूंना बेगल दिलेला चालायचा, पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते जेवण झालं, म्हणजे नियमभंग! ओक्लाहोमा विद्यापीठाच्या तीन खेळाडूंनी पदवीच्या मेजवानीत पास्ता जास्त वाढून घेतला, तर विद्यापीठाने ते स्वतःहून कळवलं आणि त्या मुलांनी प्रत्येकी ३.८३ डॉलर धर्मादाय संस्थेला देऊन प्रकरण मिटवलं; हे २०१४ मध्ये बाहेर आलं. त्याच वर्षी कनेक्टिकटचा शबाझ नेपियर म्हणाला की कधीकधी मी उपाशी झोपतो. त्याचा संघ तेव्हा बास्केटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकत होता. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची मर्यादा उठली. तिकिटांचे आणि टीव्हीचे कोट्यवधी डॉलर घ्यायचे आणि मुलांच्या ताटातला पास्ता मोजायचा, याचा मला आजही राग येतो.

पुढे २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा वापरून कमवायची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. त्याच महिन्यात आपल्या चॅपल हिलच्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमधला मुख्य खेळाडू) सॅम हॉवेल बोजँगल्स या फ्राइड चिकनवाल्या कंपनीच्या जाहिरातीत आला. मोठ्या कंपन्यांचं नाव जास्त होतं, पण गावातल्या खानावळींसाठी हा बदल मोठा आहे असं मला वाटतं. मॅचच्या दिवशी गावातली माणसं बार्बेक्यूवाल्याकडेच जेवतात, आणि त्या दुकानदाराला गावातल्याच खेळाडूचा चेहरा परवडतो.

आता हायस्कूल. आपल्या राज्याच्या शिक्षण मंडळाने पब्लिक शाळांतल्या मुलांना एनआयएलची बंदी घातली होती. एका क्वार्टरबॅकची आई कोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वेक काउंटीच्या न्यायाधीशांनी ती बंदी रोखली. त्यामुळे तुमच्या मुलीला करार करता येतो. शाळेचं नाव, जर्सी, चिन्ह रीलमध्ये दिसता कामा नये. सही करण्याआधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला लेखी कळवा आणि कराराची प्रत जपून ठेवा, पुढे कॉलेज मागेल. कॉलेजात गेल्यावर डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, आणखी एक पायरी येते : २०२५ पासून ६०० डॉलर किंवा त्यावरचा बाहेरचा करार ‘एनआयएल गो’ नावाच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, आणि मोबदला कामाच्या मानाने वाजवी आहे का ते तिथे तपासतात.

तुम्ही जाताजाता लिहिलंय की मुलगी शाकाहारी आहे. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे बार्बेक्यू म्हणजे डुक्कर. पूर्वेला एडनच्या स्कायलाइट इनमध्ये अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजून, बारीक चिरून व्हिनेगर-मिरचीत कालवतात. पश्चिमेला लेक्सिंग्टनला फक्त खांद्याचं मांस घेतात आणि सॉसमध्ये थोडा टोमॅटो घालतात. भाज्यासुद्धा सरसकट शाकाहारी नसतात. कॉलर्ड ग्रीन्स (इथली पालेभाजी) आणि बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचा तुकडा शिजवलेला असतो. तेव्हा तिने कॅमेऱ्यासमोर ‘इथलं पोर्क मला फार आवडतं’ म्हणणं खोटं होईल, आणि जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांत ते बसत नाही. जाहिरात करणाऱ्याने आपलं खरं मतच सांगायला हवं, आणि पैसे किंवा फुकट जेवण मिळालंय हेही पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला हवं. तिला हशपपी (मक्याच्या पिठाची भजी) आणि कोलस्लॉ मनापासून आवडत असतील तर तेवढ्याचीच रील करू दे. हशपपी कशात तळतात ते आधी विचारा, काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. दुकानदार भला असेल तर हे सगळं समजून घेईल.

भाच्याचं बघा. एनसीएएची त्याला काही आडकाठी नाही, अडचण इमिग्रेशनची आहे. एफ-१ वर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि पैसे घेऊन रील करणं हे काम आहे. जेवणाच्या बदल्यात केलं तरी कामच. स्टेटस गेलं तर टेनिस राहील बाजूला, शिक्षणही जाईल. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर त्शिब्वे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जायचा, तोही एफ-१ वर होता. २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने जाहिरातींचं काम तिथे, अमेरिकेबाहेर उरकलं. पण त्याच्यामागे वकील होते. तुमच्या भाच्याने आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं, संघातला मित्र काय म्हणतो त्यावर जाऊ नये.

हेच तुमच्या मुलीलाही लागू पडू शकतं. ती इथे जन्मली असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. पण एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर तिलाही कमावता येत नाही. एच-४ चं वर्क परमिट ठरावीक जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. आपल्यातली कितीतरी मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत मोठी होतात, आणि बरोबरीच्या गोऱ्या मुलांचे करार बघून आईबाप हे विसरतात.

टेनिसची बक्षिसं हा वेगळा विषय, पण तो डोक्यात ठेवा. कॉलेजच्या आधी टेनिसपटूने वर्षाला १० हजार डॉलरपर्यंतच बक्षीस घ्यायचं आणि त्यावर फक्त खेळाचा खर्च, असा एनसीएएचा नियम होता. चॅपल हिलच्या रीस ब्रँटमायरला २०२१ च्या यूएस ओपनचे सुमारे ४९ हजार डॉलर मिळाले होते, त्यातले बहुतेक सोडावे लागले. त्यावर तिने २०२४ मध्ये एनसीएएवर दावा लावला. म्हणून बक्षिसाचा चेक हातात घेण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं ऑफिस) ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. हे नियम आता समितीपेक्षा कोर्टात जास्त बदलतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू डिएगो पाव्हिया याला ज्युनियर कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) खेळलेली वर्षं एलिजिबिलिटीत मोजणार नाही असा दिलासा डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टानेच दिला, आणि मग एनसीएएने तशाच इतर मुलांनाही २०२५-२६ साठी सूट दिली.

करार साध्या कागदावर असला तरी मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून सही तुमचीही लागेल. मुदत एक वर्षाची ठेवा. ‘कायमस्वरूपी हक्क’ असं काही असेल तर ते खोडा. दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाची जाहिरात करायची नाही अशी अट असेल तर तीही खोडा, कारण कॉलेजचे स्वतःचे प्रायोजक असतात. फुकट जेवणाची किंमतही उत्पन्नात धरतात. खर्च वजा जाता वर्षाची कमाई ४०० डॉलर झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं. त्यामुळे जेवणाची बिलं पहिल्या दिवसापासून एका पाकिटात टाकत जा.