ऊन नको, की ती वीस मिनिटं नकोत?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलांना उन्हात खेळू द्यायचं की नाही?’ बहुधा आई-बाबा दोघंही येतात, एक जण काळजीने आणि दुसरा वैतागून. त्यातल्याच एका कुटुंबाची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई, बाबा, आठ वर्षांचा मुलगा आणि चार महिन्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी एका सहलीत मुलाला ऊन बाधलं होतं. डोकं दुखलं, उलटी झाली, अंग घामाने थबथबलं आणि तो मटकन खाली बसला. सावलीत नेऊन पाणी पाजल्यावर सावरला. पण तेव्हापासूनचे उन्हाळे त्याने घरातच, टीव्हीसमोर काढले.

‘आम्ही नाही का उन्हात वाढलो?’ बाबा म्हणाले.

‘त्या दिवशी तुम्ही नव्हतात तिथे,’ आई म्हणाली.

इथे मी चूक केली. माहिती देत सुटले. आईंनी ती वहीत नीट उतरवून घेतली आणि पुढच्या भेटीत वही उघडून म्हणाल्या, ‘मॅडम, ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोचतात असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे ते दिवसही गेले.’ माहिती मिळाली की काळजी ओसरते, हा आम्हा शिकलेल्यांचा लाडका गैरसमज.

मग मी माझ्या जुन्या सवयीकडे वळले. समोरच्याच्या बोलण्यातला ‘च’ मी टिपत असते. या बाई सारखं म्हणत, ‘त्याला काही होताच कामा नये.’ होऊ नये, ही इच्छा झाली. होताच कामा नये, हा हट्ट. माणसाला परिस्थितीपेक्षा हा ‘च’ जास्त छळतो, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. आयुष्याकडे हमी मागितली की ती मिळत नाही, आणि मग घराचं दार लावून घेणं एवढंच उरतं.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, ‘तो दिवस मला पहिल्यापासून सांगा.’

सांगता सांगता त्या अडखळल्या. ‘तो म्हणाला होता मला... आई, डोकं दुखतंय. मी म्हटलं, एवढा डाव संपू दे.’

‘किती वेळ गेला मग?’

‘वीसेक मिनिटं.’

‘चूक कशात झाली? बाहेर जाण्यात?’

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. ‘नाही. त्याचं ऐकलं नाही त्यात.’

‘मग तुम्हाला ऊन नको आहे, की ती वीस मिनिटं नकोत?’

त्या रडल्या. बाबा हळूच म्हणाले, ‘हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.’ त्या खोलीत तेवढा एकच ‘च’ मला गोड वाटला. आईने शिक्षा स्वतःला ठोठावली होती आणि भोगत होता मुलगा. सांगायला संकोच वाटतो, पण तो प्रश्न योग्य वेळी सुचला याचा मला अजून आनंद आहे.

त्यानंतर तीच वही कामाला आली. घरात एकच नियम ठरला : कुणीही ‘पुरे’ म्हटलं की त्या क्षणी खेळ बंद, वाद नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, पायात गोळे आले तर लगेच सावली, सैल कपडे, घोटघोट पाणी. मात्र माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली किंवा ताप 40 अंश सेल्सिअसच्या घरात गेला, तर तो उष्माघात. तिथे वाट बघायची नाही. अंग ओलं करून वारा घालत थेट दवाखाना गाठायचा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

वेळ ठरवण्याचं काम मुलाकडे दिलं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की किरण तीव्र. साधारण 10 ते 4 या वेळात असंच असतं, तेव्हा खेळायचं ते सावलीत. सकाळ-संध्याकाळ मोकळी. रुंद काठाची टोपी, दाट विणीचे सैल कपडे, उघड्या अंगाला 30 किंवा जास्त एसपीएफचं (म्हणजे उन्हापासून संरक्षणाच्या आकड्याचं) सनस्क्रीन. एकदा लावून दिवसभर निश्चिंत राहता येत नाही, दर दोन तासांनी आणि पोहल्यावर परत लावायचं. 30 एसपीएफ सुमारे 97 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतं, 50 सुमारे 98, त्यामुळे मोठ्या आकड्यावर विसंबून जास्त वेळ उन्हात राहण्यात अर्थ नाही. चार महिन्यांच्या बाळाला मात्र सनस्क्रीन नाही, सावली आणि अंगभर कपडेच. आणि बंद गाडीत मूल दोन मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही.

बाबांनाही सांगावं लागलं की लहानपणी भाजलेली त्वचा ते भाजणं विसरत नाही, नुकसान साचत जातं. आईंना सांगितलं की बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसून चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. घरात कोंडणंही फुकट नसतं.

महिन्याभराने त्या आल्या. ‘परवा खेळ अगदी रंगात आला होता. हा म्हणाला, आई, गरगरतंय. आम्ही सगळं तिथेच टाकून उठलो. घरी आल्यावर म्हणतो कसा, काही होत नव्हतं गं, तू थांबतेस का ते बघत होतो.’

‘मग? रागावलात?’

‘रागावू कशी? थांबले होते ना मी.’